भूगंधर्व रहिमतखां

थोर स्त्रीपुरुषांचीं जीं चरित्रें आम्ही वर्गांत शिकवितों त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. बालपणीं दारिद्र्य, मग विद्याभ्यास, मग कष्ट, आणि शेवटीं कीर्ति. ज्या पुरुषाची हकीकत आज सांगावयाची आहे त्याचा क्रम याच्या अगदीं उलट होता. त्याचें बालपण विद्येच्या व वैभवाच्या घरांत गेलें. तारुण्यांत दैन्य आलें व बुद्धीस भ्रंश झाला. आणि कीर्ति आली ती एका सर्कशीच्या तंबूमागोमाग आली. हिंदुस्थानांतील एका अव्वल दर्जाच्या गवयाचा हा मुलगा काशीच्या रस्त्यांतून भणंगासारखा हिंडला. तेथून एका मराठी सर्कसवाल्यानें त्यास उचलून आणिलें, आणि मग लोक तिकिटें काढून त्यास पाहावयास व ऐकावयास जाऊं लागले. त्यांपैकीं पाहावयास किती गेले आणि ऐकावयास किती, हा प्रश्न या चरित्राचा विचार करतांना आमच्या मनांत वारंवार उभा राहतो. आमच्या बाल वाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें तोच ठेवावा म्हणून हा लेख लिहीत आहों.

रहिमतखां हे ग्वाल्हेरचे विख्यात ख्यालगायक हद्दूखां यांचे धाकटे चिरंजीव. हद्दूखां व त्यांचे बंधु हस्सूखां हीं नांवें आपल्या संगीताच्या इतिहासांत जोडीनेंच घेतलीं जातात. लखनौहून ग्वाल्हेरीस आलेल्या नत्थन पीरबक्ष या गवयाचे हे नातू. शिंदे सरकारचा दरबार त्या काळीं गुणी लोकांचा मोठा आश्रय होता. त्या दरबारीं बडे महंमदखां नांवाचे एक गवई होते. त्यांची तान इतकी चपळ व बिकट असे कीं तिचें अनुकरण कोणास साधेना. तेव्हां महाराजांनीं या दोघां तरुण भावांस पडद्याआड बसवून महंमदखांचें गाणें ऐकण्याची गुप्त सोय करून दिली, आणि कांहीं काळानें दोघांनीं भर दरबारांत तेंच गाणें गाऊन दाखविलें, अशी आख्यायिका आहे. आमच्या छत्रपति संभाजीनगरापासून अवघ्या पंधरा-सोळा किलोमीटरांवर देवगिरीचा किल्ला आहे. तेथील गोपाल नायकाविषयींही अशीच गोष्ट सांगतात. अमीर खुस्रो यांनीं सिंहासनाखालीं लपून त्याचें गाणें ऐकलें व आत्मसात् केलें असें ती गोष्ट म्हणते. विद्या अशी चोरून घ्यावी कीं नाहीं याचा निर्णय आम्ही वाचकांवर सोंपवितों. पण या दोन्ही गोष्टींचें तात्पर्य एकच कीं त्या काळीं गाणें कानानेंच घ्यावें लागे. तबकडी नव्हती, स्वर कागदावर लिहून ठेवण्याची सर्रास चाल नव्हती. जें कानांत राहिलें तेवढेंच आपलें.

ग्वाल्हेरची गायकी म्हणजे मोकळ्या व भरदार आवाजाची, पल्लेदार तानांची गायकी. आधीं संथ लयींतील बडा ख्याल, त्यामागून जलद लयींतील छोटा ख्याल, आणि दोहोंत राग चोहोंबाजूंनीं खुलवून दाखवावयाचा, अशी तिची पद्धति. थोरले महंमदखां व धाकटे रहिमतखां या दोघांही मुलांस हद्दूखांनीं हीच विद्या दिली. परंतु त्या घरांत आणखीही एक वारा वाहत होता. हद्दूखांचे जांवई बंदेअलीखां हे त्या काळचे अद्वितीय बीनकार. ज्या मुलांनीं बीन हें वाद्य पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. एका लांब दांडीखालीं दोन मोठे भोपळे व दांडीवर पडदे आणि तारा, असें तें वाद्य असतें. तार छेडली म्हणजे स्वर उमटतो व हळूहळू विरूं लागतो. तो विरण्यापूर्वींच तार पडद्यावर बाजूस ओढून वादक एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर मध्यें कोठेंही न तुटतां जातो. या क्रियेस मींड म्हणतात. मोठा बीनकार पुष्कळ स्वर वाजवीत नाहीं; तो एकाच स्वरांतून पुष्कळ काढतो. रहिमतखांच्या गाण्यांत हें बीनेचें वळण उतरलें. घराण्याची तान त्यांच्या गळ्यांत होतीच. पण तिच्या जोडीला स्वरावर थांबण्याची, त्यास गोंजारण्याची एक निराळीच ओढ त्यांस लागली. त्यांचा आवाजही वडिलांसारखा धिप्पाड नव्हता. तो उंच, बारीक व टोकदार होता. जाणत्यांनाही हें गाणें प्रथम थोडें परकें वाटलें असल्यास नवल नाहीं.

हद्दूखां १८७५ सालीं वारले. थोरले भाऊ महंमदखां यांसही फार आयुष्य लाभलें नाहीं. रहिमतखांस अफूची संवय जडली होती, आणि एकामागून एक आधार तुटतांच त्यांच्या मनाचा तोल गेला. ज्या घरापुढें हत्ती झुलावे त्या घरचा मुलगा ग्वाल्हेर सोडून भटकूं लागला व भटकत भटकत काशीस पोंचला.

येथें आपणांस एका दुसऱ्याच माणसाची ओळख करून घेतली पाहिजे, कारण त्याच्यावांचून ही हकीकत काशीच्या रस्त्यांतच संपली असती. सांगलीकडील अंकलखोप गांवचे विष्णुपंत मोरेश्वर छत्रे यांस लहानपणापासून दोन वेडें होतीं, एक घोड्याचें व दुसरें गाण्याचें. हीं दोन्ही एकाच ठिकाणीं भागविण्यासारखें गांव म्हणजे ग्वाल्हेर. तेथें बाबासाहेब आपटे यांच्यापाशीं ते अश्वविद्या शिकले, आणि हद्दूखांच्या पायांशीं बसून गाणें शिकले. त्या पिढींत महाराष्ट्रांतून ग्वाल्हेरीस गाण्यासाठीं जाणारे तरुण आणखीही होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. त्यांनीं वासुदेवबुवा जोशी यांच्या घरीं राहून ही विद्या संपादिली व ती दक्षिणेंत आणिली. शिंद्यांचें राज्य मराठ्यांचें, दरबारांत मराठी बोली, त्यामुळें आपल्या मुलांस तें गांव अगदींच परदेश वाटत नसे. तरीही घरदार सोडून, दुसऱ्याच्या दारीं राबून विद्या मिळवावयाची म्हणजे काय, हें शाळेच्या बसमधून येणाऱ्या आजच्या मुलांस समजावून सांगणें कठीण आहे.

विष्णुपंत परत आले ते कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पागेवर अधिकारी झाले. पुढें किआरिनी नांवाच्या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईस आली. हिंदुस्थानाला स्वतःची अशी सर्कस उभारण्यास अजून फार अवकाश आहे, अशी कांहीं तरी बढाई त्यानें मारली असें सांगतात. विष्णुपंतांस ती झोंबली. त्यांनीं घोडीं तयार केलीं, माणसें जमविलीं, आणि १८८० सालीं आपली ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. हिंदी माणसानें काढलेली ही पहिली सर्कस. त्यांच्या पत्नी स्वतः झुल्यावर कसरत करीत व जनावरांस शिकवीत. त्या काळच्या महाराष्ट्रांतील ब्राह्मण घरांतली ही गोष्ट आहे, हें आमच्या विद्यार्थिनींनीं ध्यानांत घ्यावें. सर्कस हिंदुस्थानभर फिरली, सिंहलद्वीपास व पूर्वेकडील देशांतही गेली. मलबारांतील तेलिचेरी येथें तिनें मुक्काम केला तेव्हां तेथील कसरतीचे एक शिक्षक कीलेरी कुञ्ञिकण्णन् यांची व विष्णुपंतांची गांठ पडली, आणि पुढें सबंध देशाला सर्कशींतील कसरतपटू पुरविणारी जी परंपरा केरळांत वाढली तिचा उगम या भेटींत आहे. पण हा विषय निराळा. आपण काशीकडे वळूं.

उत्तरेच्या एका दौऱ्यांत विष्णुपंत काशीस असतां त्यांस आपल्या गुरूचा मुलगा तेथें सांपडला. वस्त्रें मळलेलीं, अफूच्या अमलांत, आपल्याशींच बोलत हिंडणारा असा तो पुरुष होता. गांवच्या लोकांच्या दृष्टीनें तो एक वेडा फकीर. विष्णुपंतांनीं मात्र त्याचा गळा ओळखला. ज्या स्वराखालीं बसून आपण शिकलों तोच स्वर हा, हें कळावयास ग्वाल्हेरींत काढलेलीं वर्षें त्यांच्या कामीं आलीं.

त्या काळीं अशा माणसाचें पुढें काय होत असे तें सांगितलें पाहिजे. १८५८ सालच्या ३६ व्या कायद्याप्रमाणें रस्त्यांत हिंडणाऱ्या वेड्यास पोलिसांनीं धरून मॅजिस्ट्रेटपुढें न्यावें व तेथून त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळांत व्हावी, असा नियम होता. काशीसही असें एक इस्पितळ होतें. तेथें गेलेला माणूस बरा होऊन बाहेर येईल अशी आशा कोणी फारशी धरीत नसे. मात्र एखाद्या नातलगानें अगर स्नेह्यानें त्याची सर्व काळजी वाहण्याचें पत्करलें तर त्याच्या हवालीं करण्याची सवलतही त्याच कायद्यांत होती. विष्णुपंत हे नातलग नव्हते. जातीचे नव्हते, धर्माचे नव्हते. त्यांनीं ती काळजी पत्करली आणि रहिमतखांस आपल्याबरोबर नेलें. त्यांस न्हाऊं-जेवूं घातलें, अफूवर लक्ष ठेवलें, आणि हळूहळू गाण्याला बसविलें. खांसाहेबांचें मन पूर्ववत् कधींच झालें नाहीं. पण गाणें शाबूत होतें. ज्या मनास दिवस-रात्रीचें, आप्त-परक्याचें भान नसे त्या मनांत यमन, भूप, मालकंस जसेच्या तसे उभे होते, आणि त्यांतील एकही स्वर ढळलेला नव्हता. हें कसें झालें? वृद्धापकाळीं ज्यांची स्मृति जाते अशा माणसांसही लहानपणीं शिकलेलीं गाणीं आठवतात, हें आतां वैद्य लोकांनीं पुष्कळ ठिकाणीं नमूद केलें आहे. आमच्या वाचकांपैकींही कित्येकांनीं आपल्या घरच्या आजीआजोबांत हें पाहिलें असेल.

आतां त्या जलशांविषयीं. पूर्वीं उत्तम गाणें ऐकावयाचें म्हणजे राजाच्या दरबारीं, नाहीं तर एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यांत. सामान्य माणसानें पैसे देऊन गवयासमोर बसावें ही चाल त्या वेळीं नुकतीच पडूं लागली होती. विष्णुपंतांनीं जेथें जेथें सर्कस नेली तेथें तेथें खांसाहेबांस नेलें व त्यांचे जलसे केले. विष्णुपंत स्वतः जवळ बसत. एवढ्या मोठ्या गवयास लहान मुलाप्रमाणें सांभाळावें लागे. ते सांगतील तेव्हां खांसाहेबांनीं गावें, ते सांगतील तेव्हां थांबावें. गाणें रंगांत आलें असतां खांसाहेब मध्येंच थांबून स्वतःशीं पुटपुटूं लागत, कांहीं तरी असंबद्ध बोलत, समोर नसलेल्या माणसांशीं त्यांचा संवाद चाले. श्रोत्यांत हंशा पिके. मग विष्णुपंतांनीं दटावून गाण्याची आज्ञा करावी, आणि क्षणापूर्वीं ज्याची कींव यावी अशा त्या मुखांतून असा स्वर निघावा कीं हंसणारा तोंड मिटून बसे.

निदान कांहीं तरी मिटून बसत. सर्वच नव्हेत, आणि येथेंच या चरित्रांतील कांटा आहे. जो प्रेक्षक सर्कशीस सरावलेला आहे त्याला चमत्कार हवा असतो. वाघ कड्यांतून उडी मारतो, घोडा मागच्या पायांवर नाचतो, आणि वेडा मनुष्य गातो. त्याच्या हिशेबीं हें सारें एका माळेंतले मणी. वाघाची उडी तो जशी पाहतो तसेंच तो गाणें पाहतो, आणि तान जितकी लांब व जलद तितक्या टाळ्या वाजवितो. दुसरीही एक अडचण होती. ज्या १८८० सालीं सर्कस निघाली त्याच सालीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचें संगीत शाकुंतल रंगभूमीवर आलें. त्यापुढें आमच्या लोकांच्या कानांस गोड चालीचीं, अर्थ चटकन् समजणारीं पदें हवीं झालीं. ख्यालांत शब्द दोन ओळींचे, तेही परभाषेंतले, आणि त्यावर गवई अर्धा तास घालविणार. ज्याला ख्याल ठाऊक नाहीं त्याला खांसाहेबांचें एका स्वरावर थबकणें व त्यांचें पुटपुटणें यांत फरक तो काय दिसणार? दोन्ही त्याला वेडाचाच भाग वाटे. खरोखर वेड कोठें संपतें व गाणें कोठें सुरू होतें ही रेघ ओळखण्यासाठीं ऐकणाराही थोडा तयार असावा लागतो. आम्हांस वर्गांतही असा अनुभव येतो. एखादा मुलगा बांकावर बसून बोटांनीं ताल धरतो, आपल्याशींच बोलतो, आणि मागचे चौघे एकमेकांस कोपराने ढोसून हंसतात. तो काय म्हणतो आहे हें ऐकण्याचें मात्र कोणास सुचत नाहीं.

उलटपक्षीं, ज्यांस गाणें कळत होतें त्यांनीं या माणसास भूगंधर्व म्हटलें. गंधर्व स्वर्गांत गातात, हा पृथ्वीवर उतरलेला गंधर्व, असा त्या पदवीचा अर्थ. आणि ज्यास स्वतःचें अन्न मागतां येत नव्हतें त्यास ती शोभून गेली. या जाणत्यांचीही तक्रार होती, नाहीं असें नाहीं. खांसाहेबांचे राग मोजकेच. नव्या नव्या अवघड रागांची भर त्यांत पडली नाहीं. तेच यमन, तेच मालकंस, तीच भैरवी. ज्या घराण्याचा लौकिक अष्टांगांनीं राग मांडण्याचा, त्या घराण्याच्या वारसानें इतक्या थोड्यावर भागवावें हें कित्येकांस उणें वाटे. आमच्या अल्प मतीप्रमाणें या तक्रारींत फारसा जीव नाहीं. ज्याच्या हातून आयुष्याचें सर्व भांडार गळून गेलें त्यानें जें घट्ट धरून ठेवलें तें थोडेंच असणार, पण तें सर्व सोनें होतें.

मग विष्णुपंतांस काय म्हणावें? आपल्या गुरुपुत्राला त्यांनीं सर्कशीबरोबर लोकांपुढें बसविलें, त्याच्या जलशांवर पैसा मिळविला, हें खरें आहे. आणि कोणी असा प्रश्न केला कीं ज्या माणसास आपली संमति देण्याचें भान नाहीं त्यास तिकीट लावून दाखवावें काय, तर त्या प्रश्नास एका शब्दांत उत्तर देतां येणार नाहीं. आज आपण सर्कशींतील वाघसिंहांचे खेळसुद्धां कायद्यानें बंद केले आहेत. परंतु त्या वेळीं दुसरा मार्ग कोणता होता तें पाहिलें पाहिजे. एक रस्ता होता, दुसरें इस्पितळ. दरबारीं आश्रय मिळता तर बरें झालें असतें. पण दरबारांनींच तर त्यांस काशीच्या रस्त्यावर जाऊं दिलें होतें. आणि नुसतें कोंडून, खाऊं घालून ठेवलें असतें तर तें गाणें चार भिंतींत विरून गेलें असतें. विष्णुपंतांनीं त्यास गातें ठेवलें. गुरूचें ऋण फेडावयाचें आणि व्यवसायही चालवावयाचा, या दोन्ही गोष्टी त्यांच्या मनांत होत्या असें आम्ही मानितों, आणि दोन्ही होत्या म्हणून पहिली खोटी ठरते असें आम्हांस वाटत नाहीं. पैशासाठींच सांभाळलें म्हणावें तर वेड्या माणसास प्रवासांत, तंबूंत, गर्दींत वर्षानुवर्षें सांभाळणें हें काम कोणत्याही तिकिटाच्या पैशांत बसणारें नाहीं. ज्यांच्या घरीं असा एखादा माणूस आहे त्यांस हें सांगावयास नको.

१९०५ सालीं विष्णुपंत वारले. आतां खांसाहेबांचें काय, ही चिंता पडावयाची. परंतु विष्णुपंतांचे बंधु काशीनाथपंत यांनीं सर्कशीबरोबर हें ओझेंही आपल्या खांद्यावर घेतलें. ओझें हा शब्द आम्हीं वापरला खरा, पण काशीनाथपंतांनीं तें तसें मानल्याचें दिसत नाहीं. ग्वाल्हेरच्या या गंधर्वाचें घर अखेर कृष्णातीरीं कुरुंदवाडास झालें. नदीपलीकडे नरसोबाची वाडी, सभोंवार उंसाचा मुलूख, आणि एका ब्राह्मण कुटुंबांत वाढत्या वयाचा हा मुसलमान गवई. आपल्या प्रांतांतील गांवांची ही एक रीत होती, आणि ती कोणी मुद्दाम शिकविली नव्हती.

त्यांनीं शिष्य असा कोणी तयार केला नाहीं; तें त्यांच्यानें होणारही नव्हतें. समोर बसवून पाठ घ्यावा, चूक सुधारावी, यास लागणारी मनाची स्थिरता त्यांच्यापाशीं नव्हती. बाळकृष्णबुवांनीं शिष्य केले, त्यांतून विष्णु दिगंबर पलुसकर झाले, त्यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, आणि ग्वाल्हेरची विद्या अभ्यासक्रमाच्या व परीक्षांच्या वाटेनें साऱ्या देशांत गेली. रहिमतखांची विद्या गेली ती त्यांच्या वाडवडिलांची आली होती त्याच वाटेनें, म्हणजे कानांवाटे. मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीमखां यांनीं त्यांस ऐकलें आणि तो स्वर त्यांच्या अंतःकरणांत रुतला. करीमखां हे किराणा गांवचे, बंदेअलीखांच्या बीनेचा वारसा सांगणाऱ्या मंडळींतले. तेव्हां रहिमतखांच्या गाण्यांत त्यांस आपल्याच घरची हांक ऐकूं आली असल्यास नवल नाहीं. यमुनेच्या कांठचें वर्णन असलेली जी भैरवींतील ठुमरी पुढें करीमखांच्या नांवानें घरोघर गाजली, ती मूळ रहिमतखांच्या मुखांतली. आणि लोकांची चमत्काराची हौस करीमखांच्याही वाट्यास आली बरें का! त्यांनीं टिपू नांवाच्या आपल्या कुत्र्यास स्वरांत स्वर मिळविण्यास शिकविलें होतें, आणि त्या कुत्र्याच्या गाण्याची गोष्ट ज्यांस ठाऊक आहे अशांपैकीं कित्येकांस करीमखांच्या गाण्याची मात्र ओळख नसते. असो. करीमखांपासून हा स्वर त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांच्याकडे गेला, शिष्य सवाई गंधर्वांकडे गेला, आणि सवाई गंधर्वांपासून भीमसेन जोशी व गंगूबाई हनगल यांच्याकडे. भीमसेनांचा जन्म १९२२ सालचा. त्याच सालीं रहिमतखां कुरुंदवाडास वारले.

मृत्यूच्या थोडा काळ अगोदर ग्रामोफोन कंपनीनें त्यांच्या कांहीं तबकड्या घेतल्या. हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रण सुरू झालें तें १९०२ च्या नोव्हेंबरांत, कलकत्त्यास. पण रहिमतखांसारखा गवई यंत्रापुढें आणणें सोपें नव्हतें. त्या वेळीं विजेचा मायक्रोफोन अजून आला नव्हता. पत्र्याच्या मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून गावयाचें, डोकें हलवावयाचें नाहीं, आणि तबकडीची एक बाजू भरते तेवढ्या तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा करून थांबावयाचें. शहाण्या गवयांचीही यांत त्रेधा उडे. ज्यास थांब म्हटल्यावांचून थांबतां येत नव्हतें आणि गा म्हटल्यावांचून गातां येत नव्हतें अशा वृद्ध माणसाकडून तें करवून घेणारांच्या धीराची कल्पनाच करावी. तरी तें झालें, आणि म्हणून आपणांस आज तो आवाज मिळतो. जुन्या तबकडीची खरखर आहे, साथ अस्पष्ट आहे, आवाज वयानें थकलेला आहे. पण तो बारीक टोकदार स्वर खरखरीच्या पडद्यांतून सरळ वर येतो.

या तबकड्यांवरील गाणें आतां इंटरनेटवर कोणासही मिळूं शकतें. पालकांनीं तें शोधून एखाद्या रात्रीं मुलांस ऐकवावें अशी आमची विनंती आहे. प्रथम भैरवी लावावी, ती लवकर मनांत उतरते. यमन व मालकंस मागाहून. आधीं हा लेख वाचून दाखवूं नये आणि गाणारा कोण होता तेंही सांगूं नये.